पद्मामावशीच्या जागी घड्याळ

वारंगा फाटा, ता. कळमनुरी
मंगळवार, १९ एप्रिल २००५

ती. सपनाताईस,

धाकट्या रवीचा मानाचा जयभीम. (आता सगळीकडं ‘रविंद्र अमृतराव पाईकराव, बीबीए, तृतीय वर्ष’ असं लांबलचक लिहायची सवय लागली आहे, पण तुझ्या कडेवर बसून शेंबूड पुसून घेतलेल्या माणसानं तुला हुद्दा सांगू नये, एवढी अक्कल अजून शिल्लक आहे.) देविदासदाजींनाही जयभीम सांग. बंटीला शाळेत घातल्याचं कळलं. पहिल्याच दिवशी तो बाईंच्या हाताला चावला म्हणतात, ते त्यानं बराबर केलं. शिक्षणापासून माणसानं वेळेवर स्वतःला वाचवायला पाहिजे. मी वाचवलं नाही, म्हणून आज एवढं मोठं पत्र लिहायची पाळी आली.

धरणात यंदा पाणी किती उरलं? ऊन तिकडंही असंच असेल. इकडं सगळी खुशाली आहे. पप्पांची काळीपिवळी जीप चालू आहे (म्हणजे फाट्यावर रोज सहा पॅसेंजर उतरून ढकलतात तवा चालू होते, अन् एकदा चालू झाली की मधे थांबवायची नाही, असं पप्पांचं धोरण आहे, त्यापायी परवा नीलाबाईला तिच्या दारासमोर चालत्या गाडीतून उतरावं लागलं). आईची तब्येत ठणठणीत. सकाळी उठते, कामं करते, कुणाशी बोलत नाही, जेवते, झोपते. तुझ्या आईची, म्हणजे आमच्या पद्मामावशीची, तब्येत कशी आहे हे विचारायला मी हे पत्र लिहून नाही राहिलो. ते आपलं सहज विचारलं. यंदा जयंतीलाही ती आली नाही, म्हणून वस्तीतली माणसं विचारतात, एवढंच.

फोन काहून केला नाही, असं तू म्हणशील. केला होता. फाट्यावरच्या एसटीडीवरून तुमच्या धरणाच्या वसाहतीतल्या फोनवर तीन वेळा केला. पहिल्यांदा दाजींनी उचलला, मी घाबरून ठेवून दिला. दुसऱ्यांदा पुन्हा दाजी, अन् या वेळी त्यांचा आवाज चढलेला. तिसऱ्यांदा पद्मामावशीनंच उचलला. ‘कोन हाय?’ म्हणाली. ताई, तो आवाज कानावर पडला अन् मी नुसता मीटरकडं बघत राहिलो. ती पुन्हा म्हणाली, ‘बोल की लेकरा, मीटर पळून राहिलं असंल.’ तिला मी ओळखू आलो असं काही नाही, ती पाटबंधारे खात्याच्या साहेबालाही लेकरूच म्हणत असेल. पण मी फोन ठेवला अन् जो निघालो तो थेट घरी येऊन बाजेवर पडलो. म्हणून पत्र.

माझं शिक्षण कसं सुरू झालं ते तुला नीट माहीत नसेल, तू तवा सासरी होतीस. बारावीला मला छप्पन्न टक्के पडले अन् पप्पा मला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीतल्या क्लार्कनं सांगितलं की इथं बीए आहे अन् यंदापासून बीबीए बी आहे. पप्पांनी थोडा विचार केला. बीएपेक्षा यात एक अक्षर जास्त आहे, तर काहीतरी जास्तीचं देत असतील, असा त्यांचा हिशोब. मला विचारलंच नाही. घरी आल्यावर आईला काही उमगलं नाही, पण पद्मामावशीनं लगेच वस्तीभर गूळ वाटला अन् पोरगं मॅनेजर होणार म्हणून सांगून टाकलं. कशाचा मॅनेजर, हे तिनंही विचारलं नाही अन् मलाही अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी चेनची बॅग घेऊन आली. तिची चेन पहिल्या आठवड्यातच गेली, पण बॅग मी अजून वापरतो.

आता कॉलेजाचं ऐक. ते मुळात कला महाविद्यालय. इतिहास, भूगोल, मराठी, राज्यशास्त्र, असा सगळा जुना संसार. त्यात बीबीए आणलं, पण बीबीए शिकवणारे आणायचं राहून गेलं. मग घरातल्या घरात वाटणी झाली. व्यवस्थापनाची तत्त्वं इतिहासाच्या सरांकडं गेली. ते कुठलंही तत्त्व यादवांपासून सुरू करायचे अन् घंटा होईपर्यंत निजामापर्यंत पोचायचे, कारखाने यायच्या आत तास संपायचा. भूगोलाचे सर मार्केटिंग शिकवायचे, ते पेठा नकाशावर दाखवायचे अन् आमच्याकडून रंगवून घ्यायचे. मनुष्यबळ हा विषय पीटीच्या सरांकडं, कारण माणसं ओळीत उभी करायची सवय कॉलेजात फक्त त्यांनाच. मराठीच्या मॅडम व्यावसायिक पत्रलेखन शिकवायच्या (कमी शब्दांत मुद्द्याचं लिहावं, असं त्या सांगायच्या, तू बघूनच राहिलीस). पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. आता चार उरलो, त्यातही एक पोरगी वर्ग चुकून आमच्यात बसते असा माझा संशय आहे.

प्राचार्यांचं म्हणणं मात्र लई मोठं होतं. नुसती आकडेमोड करणारा माणूस आपल्याला घडवायचा नाही, त्याला साहित्य, समाज, माणसाचं मन सगळं कळलं पाहिजे, तरच कला महाविद्यालयातल्या बीबीएला अर्थ आहे, असं ते दर वर्षी भाषणात सांगायचे. त्यासाठी आम्हाला ‘माणूस आणि समाज’ नावाचा पेपर सक्तीचा होता. त्यात मला शंभरपैकी छत्तीस पडले. उत्पादन व्यवस्थापनात एक्क्याऐंशी. मी ते एक्क्याऐंशी वस्तीत सगळ्यांना दाखवत फिरलो. छत्तिसाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही, अन् जायला पाहिजे होतं ते तिकडंच.

तर गेल्या साली उन्हाळ्यात आम्हाला प्रकल्प दिला. आपल्या परिसरातल्या एका उत्पादन प्रक्रियेचं कालमापन करा, म्हणजे कोण किती वेळ कोणतं काम करतं ते घड्याळ लावून मोजा, अन् सुधारणा सुचवा. माझ्या वर्गातला हिरासिंग वीटभट्टीवर गेला. तिथं मालकानं त्याला कामगार खात्याचा माणूस समजून आधी चहा पाजला अन् मग हाकलून दिला. मला वाटलं, एवढ्या लांब जायची गरज काय? आपल्या अंगणातच कारखाना चालू आहे. कुरड्यांचा.

तुला कुरड्या काय सांगायच्या? पण माझ्या अहवालात त्या कशा आल्या ते सांगतो. गहू तीन दिवस भिजतात, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळतात, पाचव्या दिवशी पहाटे चूल पेटते, चीक शिजतो अन् गरम असतानाच सोऱ्यातून काढून उन्हात घालतात. याला मी ‘गव्हापासूनचे पंचदिवसीय प्रक्रियायुक्त उत्पादन’ असं नाव दिलं. अन् बाया हे सगळं सावडीनं करतात, आज आपल्या अंगणात, उद्या तांड्यावर पारुबाईकडं, परवा मिराबाईकडं. कुणी किती हात चालवला हे कुणी विचारत नाही. जिच्या अंगणात चूल, तिनं सगळ्यांना चहा अन् वाटीभर गरम चीक द्यायचा, बस. याला मी ‘नियंत्रणाचा पूर्ण अभाव’ असं लिहिलं. पीटीच्या सरांकडून थांबघड्याळ मागून आणलं. ते शिट्टीच्याच दोरीत बांधलेलं होतं, म्हणून दोन्ही गळ्यात घालून मी पहाटे पाच वाजता अंगणात खुर्ची टाकून बसलो. (पप्पांनी विचारलं, कबड्डी हाय का?)

सरांनी सांगितलं होतं की अहवालात नावं लिहायची नाहीत, गुप्तता पाळायची. म्हणून मी आईला महिला क्रमांक एक केलं, पारुबाईला दोन, मिराबाईला तीन. पद्मामावशी आली चार नंबरवर. सकाळी अकरापर्यंत मी मोजत होतो. एक नंबरनं चीक ढवळला. दोन नंबरनं सोऱ्या दाबला. तीन नंबरनं कुरड्या घातल्या. चार नंबर चुलीजवळ पाट टाकून बसली ती बसलीच. माझ्या तक्त्यातलं जसंच्या तसं लिहितो: बोलणे, चार तास दहा मिनिटे. चहा, पाच वेळा. इतरांना हसवून हात थांबवणे, सतरा वेळा. प्रत्यक्ष काम, सहा वेळा ‘उतरवा आता’ असे म्हणणे, प्रत्येकी दोन सेकंद, एकूण बारा सेकंद. त्या सकाळी तिनं मलाही तीनदा चीक दिला, वरून गूळ घालून, पण ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. मग मी निष्कर्ष काढला अन् शिफारस केली. ती मला आता झोपेतही पाठ आहे. ‘महिला क्र. ४ यांच्या कामातून कोणतेही उत्पादन होत नसल्याने त्यांना कमी करावे. चीक शिजण्यास सरासरी बावीस मिनिटे लागतात, सबब त्यांच्या जागी भिंतीवरील घड्याळ वापरावे.’

ताई, हे लिहिताना मला एका क्षणासाठीही असं वाटलं नाही की मी पद्मामावशीबद्दल लिहून राहिलो. खोटं वाटेल तुला, पण शपथ घेऊन सांगतो. चार नंबर म्हणजे चार नंबर होता.

पुढचं तुला तिनं सांगितलंच असेल, किंवा सांगितलं नसेल. जानेवारीत कॉलेजात पालकांचा मेळावा झाला अन् माझ्या अहवालाला पहिला नंबर मिळाला. ‘रवीनं आमच्यावर पुस्तक लिवलं’ असं मावशीनं आधीच सगळीकडं करून ठेवलं होतं. बंटीच्या वेळी दाजींनी घेतलेलं जांभळं लुगडं नेसून ती निघाली अन् आई, पारुबाई, मिराबाई या तिघींनाही ओढून घेऊन आली. पप्पांची जीप त्या दिवशी पहिल्या धक्क्यात चालू झाली. मंडपात या चौघी अगदी पुढच्या रांगेत बसल्या. मला वाटलं नुसतं बक्षीस घेऊन उतरायचं, तर सर म्हणाले, निरीक्षणं अन् शिफारशी वाचून दाखव.

मी वाचायला लागलो. एक नंबरचं वाचलं, दोन-तीन नंबरचं वाचलं. चार नंबर आली अन् बोलणं चार तास दहा मिनिटं म्हटलं, तसा मंडप हसला. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल? पद्मामावशी. पदर तोंडाला लावून हसत होती अन् पारुबाईला कोपरानं ढोसून विचारत होती, ‘कोन गं ही बया? आपल्यात येती का?’  आई खाली बघायला लागली. मी आपला खणखणीत आवाजात, पाच चहा, सतरा वेळा हसवणं. मावशी अजून हसतेच आहे. मग मी ‘उतरवा आता’ हे दोन शब्द वाचले. ताई, मी समोरच बघत होतो. तिचा पदर तोंडावर तसाच राहिला, फक्त वरचे डोळे हसायचे थांबले. मी तिथं थांबायला पाहिजे होतं. पोट दुखतंय म्हणायला पाहिजे होतं, चक्कर आल्याचं सोंग करायला पाहिजे होतं. मी शिफारस पूर्ण वाचली, घड्याळासकट. प्राचार्यांनी मला बक्षीस दिलं, अन् ते बक्षीस म्हणजे काय होतं, तर भिंतीवरचं घड्याळ. पुन्हा हशा झाला. टाळ्या पडल्या. मावशीनंही वाजवल्या. तिच्या एका हाताचं मनगट वाकडं आहे, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, टाळी वाजवताना.

परतताना जीपमध्ये मावशी पुढं पप्पांजवळ बसली होती, ती एकदाच म्हणाली, ‘आज बरी चालून राहिली तुमची गाडी.’ उतरताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणाली, ‘लई भारी वाचलास.’ चार दिवसांनी पिशवी घेऊन तुमच्याकडं निघाली, बंटीला बघून येते म्हणून. त्याला आता तीन महिने होत आले. बंटी बघून झाला असेल आतापर्यंत.

आई मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं आठ दिवसांनी, भाकरी थापता थापता, मनगटाचं सांगितलं. तुला ते माहीत आहे. आठ वर्षांमागं एसटीतून उतरताना मावशी पडली, हाड मोडलं अन् नीट बसलं नाही. मला तवा काय कळत होतं? त्या साली कुरड्यांच्या वेळी ती कुणाला काही न सांगता सोऱ्या घेऊन बसली अन् दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तवा पारुबाई उठली अन् म्हणाली की पद्मा, ते सोड, माझा चीक बिघडून राहिला, तू जरा इकडं बघ, मला त्यातलं काही कळत न्हाई. (पारुबाईला त्यातलं सगळं कळतं, तांड्यावर तिच्याएवढा हात कुणाचा नाही.) तवापासून चुलीजवळचा पाट मावशीचा. मावशीला वाटायचं, आपला हात गेला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते सगळ्यांच्या ध्यानात होतं, अन् आठ वर्षं सगळ्या गप बसल्या. त्या तिघींतल्या एकीनंही शाळा बघितलेली नाही. सगळ्यांत शिकलेला मी, मंडपात माईकवरून बोललो. आईला आता वेगळाच घोर आहे. पद्माला वाटत असेल की कमलनंच, म्हणजे आईनंच, लेकराला हे सांगितलं, असं तिच्या मनात बसलंय. म्हणून ती निरोपही धाडत नाही अन् तुमच्याकडं येतही नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही. प्राचार्यांकडं गेलो अन् म्हणालो की अहवाल परत द्या, घड्याळ परत घ्या, चूक झाली. ते म्हणाले, अहवाल विद्यापीठाला नमुना म्हणून गेलेला आहे अन् घड्याळ कॉलेजाच्या वस्तूंच्या रजिस्टरमधून वजा झालेलं आहे, त्यामुळं आता काहीच परत होऊ शकत नाही. मग त्यांनी माझी पाठ थोपटली. अशी नम्रता हीच कलाशिक्षणाची देणगी, असंही म्हणाले.

अन् आता या महिन्यातलं ऐक, कारण खरी फजिती इथं आहे. पारुबाईला तिच्या लेकीच्या, पुजाच्या, सासरी कुरड्या पाठवायच्या होत्या. ठरल्याप्रमाणं सगळ्या बाया पहाटे तांड्यावर जमल्या, आईही गेली, अन् जाताना मला म्हणाली, घड्याळ घे. मला वाटलं टोमणा मारून राहिली. पण ती खरंच म्हणत होती. मी बक्षिसाचं घड्याळ नेऊन बोरीच्या फांदीला अडकवलं. चूल पेटली, चीक ढवळायला लागल्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी हसत नव्हतं, म्हणजे माझ्या अहवालाप्रमाणं सगळं उत्तम चाललेलं होतं. बावीस मिनिटं झाली. आता कुणीतरी ‘उतरवा’ म्हणायला पाहिजे, तर एकजण तोंड उघडेल तर शपथ. मिराबाई पारुबाईकडं बघते, पारुबाई आईकडं बघते, मावशीचा पाट तसाच रिकामा, त्यावर कुणी बसलेलंही नाही. शेवटी आई माझ्याकडं वळली अन् म्हणाली, ‘म्हन ना गा मॅनेजर. तुझंच काम हाय आता.’ मी म्हटलं. माझा आवाज एवढा बारीक निघाला की दोनदा म्हणावं लागलं.

चीक कच्चा होता. मागल्या साली जळण होतं कापसाच्या पऱ्हाटीचं, ते भडभडा पेटतं. यंदा होतं बाभळीचं. गहूही वेगळा होता. घड्याळाला यातलं काय कळणार? मावशी चिकाच्या बुडबुड्यावरून सांगते का वासावरून सांगते, का नुसती ढवळणारीच्या हाताकडं बघून सांगते, हे मी चार तास दहा मिनिटं समोर बसून बघितलं नाही, मी तिचे चहा मोजत होतो. पुढचा घाणा भीतीपोटी जास्त ठेवला, तो एवढा घट्ट झाला की सोऱ्याची दांडी वाकली. कुरड्या वाळल्या अन् उचलायला गेलं की हातात चुरा. पारुबाईनं तिसऱ्या दिवशी एका पाटीत तो चुरा अन् त्यावर माझं घड्याळ ठेवून घरी पाठवून दिलं.   चुरा कोंबड्यांपुढं टाकला, तर त्यांनीही एकदा चोच मारली अन् कुंपणाकडं निघून गेल्या.

असं आहे सगळं. मला लई वाईट वाटतं, ताई. झोप लागत नाही असं लिहिणार होतो, पण झोप लागते, खोटं कशाला लिहू. उठल्यावर आठवतं अन् जेवण गोड लागत नाही. परीक्षा संपली आहे, जूनमध्ये मी बीबीए होईन, घरातला पहिला पदवीधर. मावशी असती तर तिनं पुन्हा गूळ वाटला असता. ती नाही तर मला तो कागद घेऊन कुणापुढं नाचायचं, हेच कळत नाही. तर, हे आपलं सहज, तुला माहिती असावी म्हणून लिहिलं. माझी काही मागणी नाही. दाजींना जीव लावून ऱ्हा, बंटीला माझ्याकडून एक पापा, अन् या पत्राला उत्तर द्यायची घाई नाही, सवडीनं दिलंस तरी चालेल.

तुझा,
रवी

ता. क. : मावशीला सहज विचारशील का, चीक शिजला हे कसं ओळखायचं? अभ्यासासाठी पाहिजे. मी विचारलं असं सांगू नको. किंवा सांग.

ता. क. २ : परीक्षा संपली असं मीच वर लिहिलंय, तवा अभ्यासाचं खोटं आहे. सवडीनं उत्तर दे हेही खोटं. खरं असं, की आईनं काल सकाळी गहू भिजत घातले. कुणालाही बोलावलेलं नाही, पारुबाईला नाही, मिराबाईलाही नाही. मी टोपल्यात डोकावून बघितलं, दहा शेर आहेत. आमच्या घराला पाच पुरतात. बाकीचे पाच तुमचे, दर साली एकत्रच भिजतात तसे. परवा, गुरुवारी वाटायचे अन् शुक्रवारी पहाटे चूल पेटायची. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. आपला ग्यानबा कंडक्टर उद्या औंढ्याच्या गाडीवर आहे, तो वसाहतीपर्यंत येऊन तुझ्या हातात देईल. गुरुवारी पहिल्या गाडीनं मी येतो. मावशीच्या पाया पडतो अन् तोंडानं सांगतो, लिहून नाही. ती दाजींसमोर दोन कानाखाली मारेल तर मारू दे, डाव्या हातानं मार म्हणावं, उजवा दुखेल. तिला माझ्याशेजारी बसायचं नसेल तर मी हिंगोलीपर्यंत दारात उभा राहून येईन. फक्त तिची पिशवी भरून ठेव.

ता. क. ३ : पाकीट बंद करता करता आई आली. कुणाला लिहून राहिला म्हणाली, मी म्हटलं कॉलेजाला. ती बाहेर गव्हाजवळ जाऊन बसली. या उन्हात चौथ्या दिवसानंतर गहू आंबतो, हे तिला मी सांगायची गरज नाही. तरी मागोमाग गेलो अन् विचारलंच, आई, अन् मावशी आलीच नाही तर? तिनं टोपलं तिरपं करून कालचं पाणी ओतलं, हंड्यातलं नवं घातलं, अन् माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘मंग रोज पानी बदलीत ऱ्हायचं.’